सुआनोची सोयरीक

रविवार, १ ऑगस्ट २००४. माम्पोंग

मापांच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहितेय. पुढून गिऱ्हाइकांच्या कंबरा, मागून माझ्या काळज्या.

उद्या सुआनोला निघायचं. थोरल्या मामांनी आज चर्च सुटल्यावर मला बाजूला घेऊन सगळं परत घोकून घेतलं, जणू मी पहिल्यांदाच चाललेय. माझ्या लेकीच्या, ओफोरिवाच्या, आधीच्या दोन्ही स्थळांची चौकशी मीच केली होती आणि दोन्ही वेळा खोटही मीच काढली होती. पहिल्याच्या आजोबांना फेफरं येत होतं. दुसऱ्याची आत्या शेजाऱ्यांना दगड मारायची. मामा म्हणाले, "कोनाडू, डोळ्यांत तेल घालून बघ. पण खोट नसेल तर घेऊन येऊ नकोस." याचा मला फार राग आला. मी काय खोट घरून शिवून नेते?

"वेड, फेफरं, महारोग, तुरुंग," मामांनी बोटांवर मोजलं. अंगठ्याशी आले, थांबले, आणि हात खिशात घातला. मीही रस्त्याकडे बघत राहिले.

पोरगा कुमासीच्या शाळेत गणित शिकवतो, आडोमाको नाव. ओफोरिवा त्याच शाळेत पुस्तकं सांभाळते, सध्या सुट्टी म्हणून घरी आहे. त्याची आई तो लहान असतानाच गेली, सुआनोत त्याच्या मामानं त्याला वाढवलं. म्हणजे घर बघायचं ते त्या मामाचं. पुढच्या रविवारी आमच्या घरची वडीलधारी बसतील आणि माझ्या सांगण्यावर हो किंवा नाही ठरेल. आमच्यात मूल आईच्या घरचं, त्यामुळे ओफोरिवाच्या बाबतीत शब्द आमच्याच घराचा.

त्यांच्याकडून आमच्याकडे चौकशीला अजून कोणी आलेलं नाही. आळशी लोक दिसतात. बरंच आहे.

ओफोरिवानं माझी पिशवी भरून दिली. म्हणाली, "आई, तो चांगला आहे." मी म्हटलं, "माणूस चांगला असतो गं, घर बघावं लागतं." तिनं माझी ओढणी परत उलगडली आणि परत घडी घातली. अठ्ठावीस वर्षांची आहे. तिच्या वयाला माझ्या पदरात ती स्वतः होती, चालती-बोलती.

सकाळपासून छातीत धडधडतंय. रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्यात बरोबर, पण पाचच उरल्यात.

सोमवार, २ ऑगस्ट. सुआनो

पोचले. कंबरेचा पार भुगा झालाय. शेवटच्या दोन तासांत रस्ता कमी आणि खड्डे जास्त. शेजारच्या बाईच्या मांडीवरची कोंबडी सारा वेळ माझ्याकडे संशयानं बघत होती.

नदी गावाला वळसा घालून जाते. पाणी जास्त दुधाच्या चहासारखं. वळणावर सोन्याच्या कंपनीचं एक अवाढव्य यंत्र अर्धं बुडून पडलंय, नदीचा तळ उपसून सोनं वेगळं काढणारं. त्याच्या छपरावर आता झाडं उगवलीत. कंपनी गेली त्याला कित्येक वर्षं झाली, तरी इथले लोक अजून पत्ता सांगताना "कंपनीच्या भोंग्यापासून डावीकडे" असंच सांगतात. भोंगा काही मला दिसला नाही.

बस थांबली तिथेच एक बाई उभी होती, साठीची, दंड चांगले भरलेले, उकडलेल्या कंदांचा फुफू कांडून कांडून झालेले. म्हणाली, "खोली हवीय ना? माझ्याकडे आहे." मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, पिशवीवरून. तिचं नाव फ्रेमाताई. खाली खाणावळ चालवते, वर दोन खोल्या आहेत. भाडं इतकं कमी सांगितलं की मला गादीत ढेकूण असणार असं वाटलं. नव्हते.

बसल्यावर तिनं रीतीप्रमाणे पाणी दिलं. मी प्यायले. मग समोर बसून विचारलं, "इकडे सगळं ठीक. तुझी वाट काय सांगते?"

पाणी पिऊन झाल्यावर खरं सांगायचं असतं, हे आमच्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, "शिवणाचं दुकान टाकायचंय. गाव कसं आहे ते बघायला आले."

तिनं माझ्या पिशवीकडे एक नजर टाकली. म्हणाली, "छान. आमच्या गावात शिंप्यांची वानवाच आहे." आणि ग्लास उचलून आत गेली. पाणी पोटात असताना मी खोटं बोलले. काम कामाच्या ठिकाणी, असं मनाला समजावतेय. मन ऐकत नाहीये.

मंगळवार, ३ ऑगस्ट

चांगलीच फसले. सकाळी खाली उतरले तर खाणावळीच्या व्हरांड्यात पायमशीन मांडलेली आणि सहा बायका कापडं घेऊन बसलेल्या. मंगळवारी इथे कोणी नदीवर जात नाही, नदीचा आरामाचा दिवस, त्यामुळे सगळ्या रिकाम्या. फ्रेमाताई म्हणाली, "दुकान टाकायचंय ना, मग हात बघू दे गावाला."

काय करणार? शिवत बसले. एकीची बाही, एकीचा गळा, एकीला नवऱ्याच्या जुन्या पँटची पिशवी हवी होती. एक म्हातारी तर शिवायला काही नसताना आली, बघायला. म्हणाली, "शिवण सरळ आहे हो हिची. माणूसही सरळ असेल." सगळ्याजणी हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पण एका दृष्टीनं बरं झालं. मशीनवर बसलेल्या बाईपुढे लोक मोकळं बोलतात, कारण तिची मान खाली असते. मी हळूच विचारलं, "इथे आडोमाको नावाचा कोणी मास्तर आहे का? माझ्या भाचीच्या शाळेत आहे म्हणे."

"आहे की. फार गुणी पोर."

"घर कसं आहे?"

"ते टाबीनानांनाच विचार." ही पहिली. दुसरीला दुसऱ्या बाजूनं विचारलं, तीही तेच: "नानांचं घर ना? नानांनाच विचार." तिसरीनं तर मी विचारायच्या आधीच सांगितलं. टाबीनाना म्हणजे तो पोराचा मामा. सगळ्या गावाला एकच वाक्य पाठ! काहीतरी आहे. माझा जीव टांगणीला लागलाय.

दुपारी फ्रेमाताईनं स्वतःचं कापड आणलं. पांढऱ्यावर निळी नक्षी, चांगलं जड. असलं कापड शुभकार्यालाच काढतात.

"लग्न आहे घरात?" मी विचारलं.

"आहे असं धरून चाललोय. ठरायचंय अजून. पण पोलकं तयार असलेलं बरं."

"मुलगी कुठली?"

"लांबची. मुलगी झकास आहे. आई जरा भित्री आहे म्हणतात."

"आया असतातच हो," मी म्हटलं. "त्यांना काय, पोर दुसऱ्याच्या घरी द्यायची. घट्ट शिवू की सैल?"

"सैल," ती म्हणाली. "जेवण बरंच होणार आहे."

बाई मजेशीर आहे. तिच्या छातीचं माप मला तीनदा घ्यावं लागलं, हसायची थांबेच ना.

बुधवार, ४ ऑगस्ट

कालपासून ठरवतेय की टाबीनानांकडे जायचं, आणि पायच उचलत नाहीत. आज जाऊन दाराशी पोचले. ते कंपनीच्या जुन्या हजेरी कचेरीला लागून राहतात. बाहेर खुर्चीवर बसले होते, टक्कल उन्हात चकाकत होतं, मांडीवर भाजलेल्या केळ्यांचं ताट. मी पुढे निघून गेले. नदीपर्यंत गेले, त्या बुडक्या यंत्राकडे बघत उभी राहिले, आणि त्याच वाटेनं परतले. परत आले तर ताटात एक केळं जास्तीचं होतं आणि नाना त्या केळ्याकडे बघून हसत होते. म्हातारा जरा चक्रम असावा. वेड? नोंद करून ठेवते. नाही, नको, केळ्यावरून कोणाला वेडा ठरवू नये.

कसली भीती वाटतेय मला? इतकी वर्षं झाली मी ही कामं करतेय. काही निघालं तर नाही म्हणायचं. काही नाही निघालं तर हो म्हणायचं. हो म्हटल्यावर मग त्यांच्याकडचं माणूस आमच्याकडे येणार, आमच्या गल्लीत बसणार, पाणी पिणार, विचारणार. ते आणखी एक. पण त्यात घाबरण्यासारखं काय आहे? आमच्या घरात वेड नाही, फेफरं नाही, महारोग नाही, तुरुंग नाही.

संध्याकाळी फोनच्या टपरीवरून मामांना फोन केला. टपरीवर मान्सा नावाची मुलगी बसते, पुस्तकात डोकं घालून. मामांना सांगितलं, अजून काही हाती लागलेलं नाही, लोक तोंडाला कुलूप लावून बसलेत, आणि माझ्या गोळ्या संपत आल्यात. मामा म्हणाले, "मीठ कमी खा."

गुरुवार, ५ ऑगस्ट

आज विशेष काही घडलं नाही. फक्त फ्रेमाताईनं माझं कालवण वेगळ्या भांड्यात केलं होतं, बिनमिठाचं. मी विचारलं तर म्हणाली, "तुझा चेहरा सांगतो." चेहऱ्यावरून रक्तदाब कळतो? मला वाटतं तिच्या अंगात काहीतरी आहे. कोणीतरी तिची चौकशी केली पाहिजे.

शुक्रवार, ६ ऑगस्ट

आज गेले. सरळ जाऊन समोरच्या बाकावर बसले. पाणी आलं, प्यायले. म्हटलं, "नाना, मी नवीन आहे गावात. सहजच, जुनी घराणी कोणती, कशी..."

"पोरी," ते म्हणाले, "तू मंगळवारपासून गावाला विचारतेस आणि गाव तुला माझ्याकडे धाडतंय. इतका घोळ कशाला? एकोणीसशे एकसष्टला मी सोनं चोरलं आणि दीड वर्ष तुरुंगात होतो."

ते आपले सांगत सुटले, जसं कोणी जुन्या कुस्तीचं सांगतं. सोन्याच्या खोलीत कामाला होते. सुटताना झडती व्हायची: तोंड उघडायचं, बोटं पसरायची, चपला झटकायच्या. डोक्याला मात्र कोणी हात लावत नसे. मग हे रोज सकाळी केसांना बोटभर व्हॅसलीन चोपडून जायचे आणि दिवसभर डोकं खाजवायचे. घरी येऊन परातीत डोकं धुवायचे. चिकटलेली पूड तळाला बसायची.

"मग पकडलं कोणी?"

"माझ्या न्हाव्यापायी पकडलो. माझ्या केसांतून मला मिळायचं त्यापेक्षा त्याला जास्त मिळायला लागलं होतं. मग त्याचं बायकोशी भांडण झालं आणि तिनं जाऊन सांगितलं." ते हसले. "सुटून आलो तेव्हा हे असं टक्कल. आता चोरी करायची म्हटली तरी साधन नाही."

मला हसू येत होतं आणि मी ते दाबलं. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट आहे का? म्हटलं, "आणि हे तुम्ही असं सांगता? परक्या बाईला?"

"विचारलंस ना? माझ्या बहिणीला याचा फार त्रास झाला. तिचं लग्न दोन वर्षं अडलं, माझ्यामुळे. तेव्हाच ठरवलं की आता जे कोणी विचारेल त्याला मीच सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलं की ते मोठं होतं." मग केळ्याचं ताट माझ्याकडे सरकवलं. "पहिल्या दिवशी पाणी प्यायल्यावर विचारलं असतंस तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. चार दिवस उगाच पायपीट केलीस. आता तू काही सांग."

"काय सांगू?"

"काहीही. तुझ्या घरचं."

"आमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही," मी म्हटलं.

त्यांना कसं कळलं की पहिल्या दिवशी पाणी दिलं होतं? पण पाणी काय, सगळेच देतात.

तिथून तडक टपरीवर गेले. "मामा, तुरुंग आहे. दीड वर्ष. सोनं चोरलं."

"मुलानं?"

"मुलाच्या मामानं. सख्ख्या. म्हणजे त्यांच्याच घरचं रक्त."

"कधी?"

"एकसष्टला."

"कोनाडू, तेव्हा तू फ्रॉक घालत होतीस."

"तुम्हीच मोजलंत ना बोटांवर? तुरुंग म्हणजे तुरुंग. नाही म्हणा."

"रविवारी बैठकीत तूच सांग. ही घे, ओफोरिवा इथेच आहे."

ओफोरिवा म्हणाली, "आई, या वेळी पण?"

"चोरीचं घर आहे गं."

"आडोमाकोनं मला ती व्हॅसलीनची गोष्ट पहिल्याच महिन्यात सांगितली. मी पोट धरून हसले होते." मग आवाज बदलला. "आई, तुला नक्की कशाची भीती वाटते?"

मी म्हटलं, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही. लाइन स्वच्छ होती. मान्सा पुस्तकाचं पान उलटायचं विसरली होती.

आता हलकं वाटतंय. निदान त्यांच्याकडचं कोणी आमच्या गल्लीत येण्याचा प्रश्न मिटला. गेल्या दोन्ही वेळी नाही म्हटल्यावर असंच हलकं वाटलं होतं, दोन दिवस. मग ओफोरिवा जेवताना बोलायची बंद झाली होती, तेही आठवतंय. या वेळी किती दिवस बोलणार नाही?

फ्रेमाताईचं पोलकं पूर्ण केलं. काजं-गुंड्या हातानं केल्या. तिनं घालून बघितलं, आरशासमोर वळली आणि म्हणाली, "झकास झालंय. घालायची वेळ येईल ना गं?" मला काय विचारता, मी म्हटलं.

शनिवार, ७ ऑगस्ट. बसमध्ये, मग घरी

अक्षर वाकडं येतंय, बस हलतेय म्हणून.

सकाळी निघताना फ्रेमाताई म्हणाली, नानांचा निरोप घेतल्याशिवाय जाऊ नकोस. मला जायचं नव्हतं, ज्या माणसाच्या घराला नाही म्हणायचं त्याच्या अंगणात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? पण तिनं माझी पिशवीच उचलली आणि चालायला लागली.

नाना अंगणात उभे होते, नेसलेलं वस्त्र खांद्यावरून कंबरेला उतरवून, हातात ताडीनं भरलेला भोपळ्याचा वाडगा. वाटेला निघालेल्या पाहुण्यासाठी पितरांना पाजतात तसं. मी डोकं झाकलं आणि उभी राहिले.

त्यांनी आधी आपल्या माणसांना बोलावलं. आडोमाकोच्या आईला. नदीत यंत्र उलटलं तेव्हा बुडालेल्या चौघांना, एकेकाचं नाव घेऊन. प्रत्येक नावाला थोडी ताडी जमिनीवर. "ही कोनाडू माम्पोंगहून आली. हिची वाट सरळ करा." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता तुझी माणसं सांग."

मी सांगितली. माझी आई. तिच्या दोन बहिणी. माझे वडील. ओफोरिवाचे वडील. ते एकेक नाव घेत ओतत गेले.

"सगळे झाले?"

"झाले."

ते वाडगा तिरपा धरून उभेच. मला वाटलं ताडी संपली. शेजारच्या अंगणात कोणीतरी कांडत होतं, तेही थांबलं की मलाच ऐकू येईनासं झालं, माहीत नाही.

मग नाना म्हणाले, अगदी साध्या आवाजात, दारात उभ्या असलेल्याला आत बोलवावं तसं: "दारको, तूही ये. कोणी बोलावलं नाही म्हणून बाहेर उभा राहू नकोस. ही तुझी बहीण इथे आहे. तुझी भाची आमच्या पोराला मागतोय आम्ही. ये, पी." आणि उरलेली सगळी ताडी ओतली.

मी मातीतच बसले. सव्वीस वर्षांत ते नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. माझ्याही नाही.

फ्रेमाताई माझ्या शेजारी खाली बसली, तेवढं वजन घेऊन, हाश्हुश करत. ती आडोमाकोची मावशी. मला हे कळायला पाच दिवस आणि एक पोलकं लागलं. म्हणाली, "मे महिन्यात माझी धाकटी बहीण तुझ्या दुकानात आली होती, उंच, गळ्यावर डाग असलेली. तू तिला बाही लावून दिलीस. दुसऱ्या दिवशी तिला सगळं कळलं होतं."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या गल्लीत तीन घरांनी. तिनं विचारलंही नव्हतं."

"आणि तरी तुम्ही..."

"घरात बैठक बसली. दोघं नको म्हणाले. नानांनी सांगितलं, त्या बाईला येऊ दे. मी माझं तिला सांगतो, तीही तिचं सांगेल."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"तर मी त्याला हाक मारीन, म्हणाले." तिनं माझ्या पाठीवरची माती झटकली, खरं तर पाठीला माती नव्हती. "तू काल टपरीवर काय बोललीस तेही आम्हाला माहीत आहे. मान्सा आमचीच."

मी म्हटलं, "रागावला नाहीत?"

"मी रागावले होते. माझं पोलकं वाया जाणार म्हणून. नाना म्हणाले, भ्यालेलं माणूस आहे, थांब जरा."

लिहून टाकते, आता लपवायचं कोणापासून? माझा भाऊ दारको एकवीस वर्षांचा होता. त्यानं शाळेमागच्या आंब्याला स्वतःला टांगून घेतलं. असं गेलेल्याला आमच्यात रडत नाहीत, त्याचं दिवसकार्य नाही, दुखवट्याची लाल-काळी वस्त्रं नाहीत, त्याच्या नावानं थेंब सांडत नाहीत. त्याच संध्याकाळी गावाबाहेर पुरला आणि आंबा तोडला. अशा घराशी कोणी सोयरीक करत नाही, मामांच्या अंगठ्यावरची पाचवी खोट ती हीच; म्हणून बाहेर ताप म्हणून सांगितलं. ताप, ताप म्हणता म्हणता मलाच ते खरं वाटायला लागलं होतं. का केलं ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी सकाळी तो माझ्या मशीनशेजारी येऊन बसला होता. मला एका लग्नाचे कपडे संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. मी त्याला म्हटलं, "उजेड अडवू नकोस, सरक." तो सरकला.

त्या दोन मुलांची मी काय खोट काढली होती? एकाच्या आजोबांचं फेफरं, एकाची आत्या. दोन्ही घरांतलं कोणी आमच्या गल्लीत यायच्या आत मी दार लावून घेतलं, आणि माझ्या पोरीला वाटलं की तिचं नशीब वाईट.

रविवार, ८ ऑगस्ट

बैठक दुपारी होती. मी मामांकडे सकाळीच गेले आणि म्हटलं, बैठकीआधी मी ओफोरिवाला सांगणार आहे. मामांनी हात खिशातून काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तिला सांग. बैठकीत मी सांगतो. फार वर्षं तुझ्या एकटीवर टाकलं आम्ही."

ते कसं झालं ते थोडक्यात: मामांनी सगळं सांगितलं, चोरी, तुरुंग, दारको. एक लांबची मावशी उठून गेली. बाकीचे बसले. हो ठरलं. पुढच्या महिन्यात ते लोक दार ठोठावायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला, येतील. फ्रेमाताईला निरोप पाठवला की पोलक्याला इस्त्री कर.

पण त्याआधीचं लिहायचंय. ओफोरिवा मागच्या अंगणात कपडे पिळत होती. शुक्रवारपासून माझ्याशी बोललेली नव्हती. मी म्हटलं, "ऐक. तुझ्या मामाला ताप आला नव्हता." आणि सगळं सांगितलं, आंब्याचं, मातीचं, उजेडाचं, मधे न थांबता, कारण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. शेवटी म्हटलं, "तुझी दोन लग्नं मी मोडली ती यामुळे. आणि परवा तिसरंही मोडलंच होतं."

ती रागावेल, रडेल, असं मी धरून चालले होते. तिनं हातातला पिळा बादलीत सोडला. राग होताच, तो मला दिसला, आणि तो लगेच जाणार नाही हेही दिसलं. मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि विचारलं, "दिसायला कसा होता?"

सव्वीस वर्षांत हे मला कोणी विचारलेलं नव्हतं.

"उंच," मी म्हटलं. "आणि कान तुझ्यासारखे. तुझे कान त्याचेच आहेत."